खिसे रिकामे करा

सोमवार, ४ मे

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. काल चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. नऊ वर्षं न बोललेल्या बहिणीचा फोन मीही उचलला नसता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण पत्र फोड. भांडायला लिहिलेलं नाही.

तुझी तुटकी अडचणीत आहे.

'तुझी' म्हणते, कारण लोक तिला तुझ्या फोटोमुळेच ओळखतात. डावा कान अर्धा फाटलेली काळी कुळकुळीत अस्वलाची मादी, मचाणाच्या पुढच्या खांबाला धरून माणसासारखी उभी. त्या फोटोने तुला बक्षीस मिळवून दिलं, नाव मिळवून दिलं आणि आमच्या अभयारण्याने तोच माहितीपत्रकावर छापला. वर मथळा, 'रानातल्या अस्वलांचे फोटो सुरक्षितपणे कसे काढाल?' फाटकावर तो कागद आजही प्रत्येकाच्या हातात पडतो. बरेचजण त्याचा पंखा करतात.

शनिवारी सकाळी मी नऊ जणांना घेऊन मचाणावर बसले होते. हंगामाचा पहिलाच दिवस. नेहमीसारखा पायऱ्यांपाशी पत्र्याचा डबा धरला आणि म्हटलं, 'खिसे रिकामे करा.' चॉकलेट, खोकल्याच्या गोळ्या, ओठांना लावायचं मलम, सगळं डब्यात, डबा जीपमध्ये, जीप फाटकापलीकडे. माझी ही पद्धत तुला आठवत असेल. तूही तेव्हा कुरकुर केली होतीस.

साडेआठला ती आली. दोन पिल्लं बरोबर, चार महिन्यांची, मांजराएवढा जीव आणि खोड्या मात्र हत्तीएवढ्या. पिल्लं झाडावर चढली. ती थेट खांबापाशी गेली. हुंगलं, दोनदा फेरी मारली, उभी राहून वर हुंगलं. कॅमेऱ्यांची नुसती झड लागली होती. मग ती खाली बसली आणि थोड्या वेळाने पायऱ्यांकडे वळली.

सात पायऱ्यांपैकी पाच चढली, धाकट्या. जबडा कटकट वाजवत होती. मी हळू आवाजात म्हटलं, 'कोणी उठायचं नाही, ओरडायचं नाही, कॅमेरे खाली.' तिने पुढचे दोन्ही पंजे फळीवर ठेवले आणि एका निवृत्त मास्तरांची बॅग ओढली. मास्तर उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना 'खाली बस' म्हणत आले आणि नेमके तेव्हाच उठले. कठड्यावर पडून मनगट मोडलं. मी हात वर करून उभी राहिले आणि म्हटलं, 'चल. खाली. चल.' माझ्याकडे बघत बघत ती उतरली. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल.

बॅगेत खाण्याचं काही नव्हतं. खरी अडचण तीच आहे. माणसाच्या चुकीने अस्वल जवळ आलं, तर शिक्षा माणसाला, हा आमचा नियम. काही कारण नसताना आपणहून माणसांवर आलं, तर बंदूक. तेराला, बुधवारी, समितीची बैठक आहे. तिला मारलं तर पिल्लं जन्मभर पिंजऱ्यात जातील.

तुझ्या शब्दाला वजन आहे. अभयारण्याच्या साहेबांना दोन ओळी लिही की ती स्वभावाने गरीब आहे, तू तिला जवळून पाहिलं आहेस. एवढंच.

ताई

ता. क. पुढचा खांब यंदा नवा बसवला. जुना कुजला होता.


बुधवार, ६ मे

प्रिय धाकट्या,

परवाचं पत्र तुला आज मिळालं असेल. उत्तराची वाट न बघता हे दुसरं लिहिते आहे, कारण काल प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई मचाणावर येऊन गेल्या.

बाई कमी बोलतात, हाच त्यांचा त्रास. खांबाभोवती फिरल्या, वाकून बघितलं आणि विचारलं, 'ती याच खांबापाशी का येते?'

मी म्हटलं, 'पाठ घासायला. वर्षानुवर्षं येते.'

'शनिवारी घासली?'

'नाही.'

'मग काय शोधत होती?'

मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरी येऊन मी चहा टाकला आणि तो गॅसवर आटून करपेपर्यंत नुसती बघत उभी राहिले.

आता ऐक. अकरा वर्षांपूर्वी तू माझ्याकडे चार दिवस राहायला आला होतास. तीन दिवस मचाणावर बसून तुझ्या हाती फक्त गवत लागलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणालास, 'ताई, या वेळी काही नेलं नाही तर मासिकवाले मला काढणार. मग मी लग्नांचे फोटोसुद्धा काढणार नाही, कॅमेराच विकून टाकीन.' तू जेवला नाहीस. ताट तसंच सरकवलंस. आई गेल्यानंतर तू माझ्यासमोर पहिल्यांदा ताट सरकवलंस आणि ते मला सहन झालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्हा सगळ्यांच्या आधी मी मचाणावर गेले. खांबाला छातीच्या उंचीवर एक खोबण होती, सुताराने कधीतरी चुकून पाडलेली. तिच्यात मी चमचा चमचा मध भरला. मग परत येऊन पायऱ्यांपाशी डबा धरला आणि तुला म्हटलं, 'खिसे रिकामे करा, साहेब.' माझे खिसे कोण तपासणार? डबा माझ्याच हातात होता. कुंपणच शेत खाऊ लागलं तर दाद कोणाकडे मागायची?

ती आली, उभी राहिली, आणि तुला तुझा फोटो मिळाला. ती तुझ्याकडे बघत नव्हती रे. तोंडातला मध गिळत होती.

एकदाच केलं. तुझ्यासाठी केलं. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

उद्या साहेबांना सांगणार आहे. तुझ्या कानावर आधी पडावं म्हणून लिहिलं.

ताई


शुक्रवार, ८ मे

धाकट्या,

सांगितलं. विश्वास ठेवला नाही.

साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसे बोलले. 'ताई, तुमचा तिच्यावर जीव आहे हे मला कळतं. पण तुम्ही? माझ्या सासूबाईंच्या पर्समधून पेपरमिंट काढून घेतलंत तुम्ही! सासूबाई अजून मला बोलतात. तुम्ही मध लावाल? तिला वाचवायला स्वतःवर घेताय, एवढंच.' आयुष्यभर कडक वागल्याचं हे फळ. खरं बोलले तर खोटं ठरलं.

मी म्हटलं, जुना खांब बघा, खोबण चाटून चाटून गुळगुळीत झाली आहे. तर जुना खांब मार्चमध्येच सरपणात गेला. डॉक्टरीणबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, 'अकरा वर्षांपूर्वी एकदा चाखलेल्या मधासाठी ती आज पायऱ्या चढेल, असं वाटतं तुम्हाला?'

नाही वाटत. म्हणून आता तुला सगळं सांगते, आणि मध्ये थांबले तर पुन्हा सुरू करायची नाही, तेव्हा एका दमात लिहिते.

एकदाच नव्हतं. दर वर्षी केलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी, फक्त पहिल्या दिवशी, लोक यायच्या आधी. तुझा फोटो छापून आल्यावर सगळ्यांना तुटकीच हवी होती. दूरदूरून यायचे आणि नुसतं गवत बघून तोंड पाडून जायचे, तुझं पडलं होतं तसंच. पुढच्या वर्षी मी पहिल्या दिवशी थोडा मध लावला आणि मग हंगामभर ती रोज बघून जायची, आज आहे का म्हणून. साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, 'ताईंच्या हाताला यश आहे.' मला ते आवडायचं. लाज वाटते लिहायला, पण फार आवडायचं. लोकांना मी सांगायचे, ती पाठ घासायला येते. घासायचीही, नंतर. खोटं पूर्ण खोटं नव्हतं म्हणून पचलं.

यंदा नवा खांब उभा करताना सुताराने विचारलं, 'जुन्यासारखी खोबण ठेवू का?' मी म्हटलं, नको. वाटलं, सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आता ती उघडायचं कारणच उरलं नाही. शनिवारी मी अकरा वर्षांत पहिल्यांदा मध न लावता मचाणावर चढले. स्वतःवर खूश होते. आणि ती तिच्या नेहमीच्या दिवशी आली, खांब हुंगला, काही नाही. दर वर्षी देणारी बाई वर बसलेली तिला दिसत होती. ती मागायला वर आली, धाकट्या. मास्तरांची बॅग मध्ये आली एवढंच.

आता तुझ्याकडे काय मागते ते नीट वाच. मला तुझी मूळ फ्रेम हवी, न कापलेली. छापलेला फोटो खालून कापलेला आहे, तिचं पाऊल अर्धं तुटतं. तुझ्यासारखा माणूस पाऊल उगाच तोडणार नाही. त्या सकाळी घाईत मी चमचा खांबाच्या पायथ्याशी विसरले होते. दुपारी जाऊन उचलला. आईचा लाकडी चमचा, दांडा एका बाजूने जळलेला.

तुझ्या प्रदर्शनात त्या फोटोसमोर उभी राहिले तेव्हा मला कळलं की तुला माहीत आहे. म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, 'हा फोटो काढून टाक.' कारण सांगायचं धैर्य नव्हतं. तू म्हणालास, 'तुला माझं चांगलं बघवत नाही.' तेही उगाच म्हणालास, कारण तुलाही खरं बोलायचं नव्हतं. दोघांनी दोन खोटी वाक्यं बोलून नऊ वर्षं काढली. आईने दोघांच्याही पाठीत त्याच चमच्याने दिलं असतं.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. आमिष लावून काढलेल्या फोटोचं बक्षीस परत घेतात. तू ज्या वर्गांना शिकवतोस, तिथे पहिला धडाच हा असेल की रानातल्या जनावराला खायला घालून फोटो काढू नका. लोक हसतील. माझी नोकरी जाईल, घर जाईल, ते मी धरूनच चालले आहे. पण माझं जाणं मी ठरवलं. तुझं तू ठरव. नाही पाठवलंस तर मी तुला दोष देणार नाही.

हे खोटं आहे. देईन. जन्मभर देईन.

बैठक बुधवारी अकराला आहे.

ताई


बुधवार, १३ मे, दुपार

प्रिय धाकट्या,

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी पोस्टमनच्या मागे मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तो म्हणाला, 'बाई, असतं तर दिलं नसतं का?' मंगळवारी दुपारी बंदूकवाला आला. शांत माणूस आहे, चष्मा लावतो, बायकोने विणलेला स्वेटर घालतो. त्याने मला विचारलं, ती साधारण किती वाजता येते. मी सांगितलं. माझ्या तोंडून त्याला वेळ सांगताना काय वाटलं ते लिहिता येत नाही.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझं पाकीट फाटकावर आलं. फाटकवाला ते हातात घेऊन कचेरीपर्यंत पळत आला. साठीचा माणूस, त्याला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी बैठकीच्या खोलीत उभ्या उभ्याच फोडलं. आधी ती दिसली, पूर्ण पावलासकट. मग पायथ्याशी गवतात पडलेला चमचा, जळका दांडा, टोकाला चमकणारा मध. मागे तुझं अक्षर. 'ताई, चमचा मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. वाट बघत होतो, तू बोललीस की मीही बोलेन. ही फ्रेम आणि सोबतचं पत्र बक्षीस देणाऱ्यांनाही पाठवलं आहे. धाकटा.'

मी फोटो टेबलावर ठेवला. साहेबांनी भिंग मागवलं. चमचा नीट बघितला. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात जे होतं, ते मी अकरा वर्षं चुकवत आले होते. ते म्हणाले, 'म्हणजे पेपरमिंट...' आणि भिंग खाली ठेवलं.

निकाल असा. चूक माणसाची. मचाण या हंगामापुरतं बंद, खांब उपटायचा. पण माणसांकडे मागायची सवय झालेलं अस्वल तसंच मोकळं सोडता येत नाही. म्हणून तिला तीन संधी. कुरणात मचाणाकडे आली की मोठा आवाज करून हाकलायचं. तिसऱ्या वेळीही वळली नाही तर स्वेटरवाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हाकलणारं माणूस तेच हवं, ज्याच्याकडे ती मागायला येते. साहेब म्हणाले, 'तुम्ही शिकवलंत, आता तुम्हीच विसरवा. मग घराची किल्ली द्या.'

तुझे आभार मानत नाही. आपल्यात तसं कधी नव्हतं. पण आज जेवले, पोटभर.

ताई


शनिवार, २३ मे

प्रिय धाकट्या,

तुझ्या वर्गातले निम्मे विद्यार्थी गेले आणि उरलेल्या निम्म्यांना तू आता आपलाच फोटो दाखवून शिकवतोस, हे वाचलं. बक्षीसवाल्यांचं पत्र आलं तेही कळलं. रडला असशील, माहीत आहे. मी बाजारातल्या शिंप्याच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसते. सवय होईल.

तुटकीचं सांगते.

पहिल्या दिवशी, सोमवारी, मी फाटकाशी गेले. फाटकवाला रोज मला 'या ताई' म्हणून आत सोडायचा. त्या दिवशी वाटेत उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, 'ताई, खिसे.' त्याचे कान लाल झाले होते. मी जॅकेटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशात चष्मा आणि रुमाल, दुसऱ्यात काहीच नाही. 'माफ करा,' म्हणाला. मी म्हटलं, 'माफी कसली मागता? हे तुम्ही अकरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.' मग त्यानेच तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला, वाजवायला. मारायला मी घरून आईचा चमचा नेला होता. तो बघून त्याने आधी हुंगला. बरोबरच केलं. मी आदल्या दिवशी तो तीनदा उकळला होता.

ती साडेआठला आली. खांबाच्या जागी नुसता खड्डा. खड्ड्यात नाक घातलं, मग मान वर करून मला शोधलं. मी डब्यावर चमचा हाणला आणि जे तोंडाला आलं ते ओरडले. ती दचकली, वीस पावलं पळाली आणि थांबून मागे वळली. तिला वाटलं असेल, ही दुसरी कोणी आहे. मी पुन्हा हाणला. पिल्लं झाडावरून धडपडत उतरली आणि तिच्या मागे गेली.

गुरुवारी पुन्हा आली. या वेळी पळाली नाही. मधोमध बसून राहिली, हट्टी पोरासारखी. मी पायऱ्या उतरून पुढे गेले, बंदूकवाला मागून म्हणाला, 'बाई, तेवढं पुरे.' मी इतक्या जोराने मारलं की चमच्याचा दांडा जळक्या बाजूनेच मोडला. अर्धा तुकडा गवतात उडाला. ती उठली आणि गेली, पण सावकाश. ती सावकाश गेली तेच मला भीतीचं वाटलं. दोन संधी संपल्या होत्या.

आज तिसरी. बंदूकवाला माझ्या शेजारी बसला होता, त्याने दोन्ही काडतुसं भरून ठेवली होती. आठ पंचवीसला झाडी हलली. ती आली, मागे पिल्लं. साठ पावलं असतील, मग पन्नास. मी उभी राहिले. डबा पुढे धरला. त्याने बंदूक खांद्याला लावली. पन्नासवर ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मी हाणायला उरलेला चमचा वर केला.

हाणावा लागला नाही. ती वळली, धाकट्या. एका पिल्लाला नाकाने ढकलत झाडीत गेली आणि मागे वळून पाहिलं नाही. आम्ही साडेबारापर्यंत बसलो. कुरणात वाऱ्याशिवाय काही हललं नाही. मग बंदूकवाल्याने काडतुसं काढून स्वेटरच्या खिशात टाकली आणि म्हणाला, 'घरी जाऊया.' मी तिथेच फळीवर बसून रडले, मोठ्याने. तिने मला विसरावं म्हणून सगळं केलं, आणि तिने विसरल्याचं दुःखही मलाच झालं.

जाताना किल्ली दिली. साहेबांनी घेतली आणि खणात टाकली.

पुढच्या हंगामात मचाण उघडणार आहे, नवा खांब नसलेलं. मला तिकीट काढून यावं लागेल. तू ये. कॅमेरा आण किंवा आणू नकोस, ती दिसेल असं नाही, आणि न दिसली तर माझ्यासमोर ताट सरकवायचं नाही. फाटकवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, दोघांचेही खिसे तपासा.

ताई